गौरम्माची सेवा

विरुपाक्ष म्हणजे पायाला भिंगरी बांधलेला माणूस. भवानी पेठेत खणांचं दुकान, आणि गल्लोगल्ली माल पोचवायचा तोही स्वतःच. तीस वर्षांत गौरम्मानं नवऱ्याला दुपारी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. म्हणून सत्त्याहत्तर सालच्या थंडीत न्यूमोनियानं त्याला दवाखान्यातल्या खाटेवर पाडलं, तेव्हा काळजीतही तिला वाटलं, चला, देवानं का होईना, याला निजवलं.

ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, आता बसवा, दिवसातून चार वेळा व्हरांड्यात चालवा, पडून राहिलं की पायातलं रक्त साकळतं. दाक्षायणी सिस्टर तर रोज विचारायच्या, चालवलं का? गौरम्मा मान हलवायची आणि सिस्टरची पाठ वळली की नवऱ्याच्या अंगावर चादर ओढायची. तापातून उठलेल्याला गार फरशीवर चालवायचं, हे कुठलं शहाणपण? तो उठू लागला की ती दटावायची. हा हट्टी माणूस जन्मात पहिल्यांदा तिचं ऐकत होता. त्यात तिला सुख वाटत होतं, खोटं कशाला बोला.

आठव्या दिवशी त्याची डावी पोटरी सुजली, ठणकू लागली. तिला वाटलं, गारठा बाधला. सिस्टरना सांगावं तर आपलं खोटं उघडं पडणार. तिनं घरून करडईचं तेल आणलं आणि तासभर पोटरी रगडली. बरं वाटतंय, असं तो म्हणालाही. थोड्या वेळानं त्यानं छाती धरली. श्वास मिळेना. डॉक्टर धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

सिस्टरनी पोटरीवरचं तेल पाहिलं. पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती सुटून छातीत गेली, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. चालता राहिला असता तर बहुतेक झालीच नसती.

घरी लिंगायतांच्या रीतीप्रमाणे विरुपाक्षाला न्हाऊ घालून, विभूती लावून भिंतीशी बसवलं. ही रीत तिनं लहानपणापासून पाहिलेली. पण आज ताठ बसलेल्या नवऱ्याकडे तिला बघवेना. डॉक्टर बसवा, बसवा म्हणून सांगत होते, तेव्हा तिनं बसवला नव्हता.

बायका म्हणत होत्या, सेवा करावी तर गौरम्मानं. एकीचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता. शेजारची दानम्मा डोळे पुसत जवळ टेकली. तिची सासू त्याच दवाखान्यात होती.

"तुमचं बघूनच शिकले की मावशी," ती म्हणाली. "सासूबाईंना म्या पाय खाली टेकवू देत न्हाय."

गप्प राहिली असती तर गौरम्माची अब्रू राहिली असती. तिनं दानम्माचं मनगट घट्ट धरलं.

"म्या चालवलंच न्हाय त्येन्ला. सिस्टर रोज सांगत हुत्या, म्या खोटं बोलले. म्हणून गेले ते. तू हितं बसू नको. जा, सासूला उठीव, चालीव."

दानम्मा उठून तशीच धावत गेली. गौरम्माच्या पाठीवरचा हात मात्र थांबला, आणि मग निघाला.