सोवळ्याचा प्रस्ताव

शालूमावशी कुरड्या घालते तशा अख्ख्या अमरावतीत कोणी घालत नाही, आणि प्रणाली बोलते तसं इंग्रजी अख्ख्या फ्रेजरपुऱ्यात कोणी बोलत नाही. निदान प्रणालीचं तरी असंच मत होतं. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच आठवड्यात तिनं किशोर सरांच्या इंग्रजी बोलायच्या क्लासला नाव घातलं. धंद्याचा सौदा कसा बोलावा, हे सरांनी कितीतरी दिवस घोटून घेतलं. 'वुई वुड लाइक टू प्रपोज', म्हणजे आमचा असा प्रस्ताव आहे. 'वुड यू बी ओपन टू', म्हणजे तुमची तयारी असेल का? काय गोड वाक्यं ती! नुसती तोंडात घोळवली तरी पाठ ताठ होते. प्रणाली भांडी घासताना कढईलाही प्रस्ताव द्यायची.

म्हणून मावशीच्या बचत गटाला मुंबईच्या कंपनीचा फोन आला, तेव्हा सोबत कोण जाणार हे कोणी विचारलंच नाही. गटाच्या कुरड्या, सरगुंडे, मुंगवड्या, सगळं वाळवण मोठ्या शहरांत विकू, वर्षभर काम देऊ, अकोल्याच्या हॉटेलात भेटायला या, असं कंपनीचं म्हणणं. वर्षभर काम म्हणजे बायांची लोकांघरची धुणीभांडी सुटणार. गटातल्या वच्छलाबाईनं तर हुरळून आपल्या मालकिणीला 'उद्यापासून येत नाही' सांगूनही टाकलं होतं.

एप्रिलची झळ खिडकीतून आत येत होती. मूर्तिजापूर गेल्यावर प्रणालीनं एसटीतच मावशीची शिकवणी घेतली.

"मावशी, आत गेल्यावर गुड मॉर्निंग म्हणजो. बाकी सगळं मी बोलते."

"मंग मी काय पिशव्या उचलाले येऊन राहिली?"

"तू मालकीण हायेस. मालकीण कमी बोलते."

"आमच्या गटात तं उलटं हाये बाई," मावशी म्हणाली आणि मग "गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग" करत बसली.

हॉटेलपाशी उतरताना पिशवीचा बंद तुटला. मावशी तो बांधत खाली थांबली, आणि प्रणाली डबा घेऊन वर गेली. खोलीत एसीचा गारवा आणि फवारलेल्या गुलाबाचा वास. कंपनीचे विपुल सर फुलं-फुलं शर्ट घालून बसले होते. प्रणालीनं घसा साफ केला, आणि सर म्हणाले, "ये गं, बस ना! उन्हातून आलीस."

चक्क मराठी! प्रणालीचा असा हिरमोड झाला म्हणून सांगू. एवढी घोटलेली वाक्यं, सगळी गेली वाया. तिनं निमूट डबा उघडून तळलेल्या कुरड्या ताटलीत काढल्या. सरांनी एक खाल्ली, डोळे मिटले. दुसरी खाल्ली. तिसरी संपल्यावर ताटलीतला चुरा बोटानं टिपून बोट चाटलं. "आजी आठवली गं! हे तर चालणारच. ऑर्डर पक्की समज."

तेवढ्यात मावशी आली. तोंड घामानं डबडबलेलं. पिशवी खाली ठेवून तिनं दोन्ही हात जोडले. जन्मभराची सवय ती, एसटीतली शिकवणी गेली उडत. "जयभीम साहेब!"

प्रणालीच्या कपाळाला आठी पडली, 'अगं मावशी!' म्हणून. पण लगेच तिची नजर सरांच्या हातावर गेली.

चौथी कुरडई ओठाशी पोचली होती. ती तिथून मागे फिरली आणि अख्खी ताटलीत परत आली. सरांनी ताटली दोन बोटांनी पलीकडे सरकवली. खिशातून सॅनिटायझरची बाटली निघाली. मग अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट. आत्ता जी चाटली होती तीच बोटं!

प्रणाली झटकन मागे सरली. अंधारात अनवाणी पाय काहीतरी लिबलिबीत वस्तूवर पडावा, तसं.

आणि मग सर इंग्रजीत शिरले. "वुई वुड लाइक टू प्रपोज अ स्मॉल चेंज," ते हसून म्हणाले. एकेक वाक्य तिच्या ओळखीचं, क्लासमधून उठून आल्यासारखं. 'वुड यू बी ओपन टू' करत त्यांनी सांगितलं की पाकिटावर नाव राहील 'सोवळं'. चित्र राहील नऊवारीतल्या गोऱ्यापान आजीचं, शेजारी तुळस. गटाचं नाव कुठंच नको, बायांचे फोटो तर नकोच. 'प्रोव्हायडेड दॅट', म्हणजे ही एवढी अट मान्य असेल तर ऑर्डर तुमचीच. माझं स्वतःचं काही नाही हो, पण गिऱ्हाईक खाण्याच्या बाबतीत नाजूक असतं. शेवटी मावशीकडे न बघताच म्हणाले, हिला तू तुझ्या पद्धतीनं समजाव.

म्हणजे खाल्लं मराठीत, आणि घाण केली ती इंग्रजीत! इतक्या सुंदर वाक्यांत इतकी घाण मावते, हे किशोर सरांनी शिकवलं नव्हतं.

"काय म्हणून राहिला वं तो?" मावशीनं विचारलं.

प्रणालीला वच्छलाबाई आठवली. सोडून दिलेलं काम आठवलं. पाकिटाचं नाव बदलायचं म्हणतात, बाकी सगळं छान, एवढं म्हटलं की झालं. वाक्य तयारही झालं जिभेवर, आणि तिला त्याचीच ओकारी आली.

"मावशी, तो म्हणते, कुरड्या तुमीच घाला. पण पाकिटावर 'सोवळं' लिहू. कोणी केल्या ते कोणाले समजू द्यायचं नाही. समजलं तं लोक खाणार नाहीत म्हणते."

"छे छे! मी असं कुठं म्हटलं?" सर झटकन मराठीत आले.

"मंग कसं म्हटलं, सर? तेच मराठीत म्हणा ना एकदा. मावशीकडे बघून म्हणा."

"ॲक्च्युअली..." म्हणत सरांनी एसीचा रिमोट उचलला.

मावशी पुढं झाली. "साहेब, तीन-चार खाल्ल्या दिसते तुमी. पोट दुखते काय?"

"तसं नाही हो मावशी, मार्केटच तसं आहे..."

"मले मावशी नका म्हणू. ते बी बाटन." मग ती प्रणालीकडे वळली. "सांग त्याले, त्याच्याच भाषेत. नाव आमचं, फोटो आमचे. जमत असन तं बोल."

"वुई वुड लाइक टू प्रपोज," प्रणाली म्हणाली. क्लासबाहेर खऱ्या माणसाला पहिल्यांदाच. "अवर नेम. अवर फेसेस. नथिंग एल्स."

"वुई विल गेट बॅक टू यू," सर मोबाइलमध्ये बघत म्हणाले. याचा अर्थ नाही असा होतो, हे मात्र किशोर सरांनी शिकवलं होतं.

मावशीनं ताटलीतली ती अख्खी कुरडईसुद्धा उचलून डब्यात घातली.

परतीच्या एसटीत प्रणालीला डब्याकडे बघवेना. झाकणालाही सॅनिटायझरचा वास लागला होता, किंवा तिच्या नाकातच तो बसला होता. मावशी मात्र कुरडई कडकड खात होती.

"कशी खातं वं तू?"

"मी तळली, मी काहून नाही खाऊ?"

अमरावती जवळ आली तेव्हा फोन वाजला. वच्छलाबाई. मावशीनं तो प्रणालीच्या हातात दिला. "तूच सांग. गोड करून नको सांगू."

प्रणालीनं सगळं सांगितलं.

"सोवळं म्हणे!" वच्छलाबाई थुंकल्यासारखी बोलली. "चाटलेल्या बोटाचं सोवळं! अन् मी तं काम सोडून बसली."

"मले माहीत हाये, काकू."

"असू दे. दुसरं घर पाहीन." मग म्हणाली, "शालूले विचार, कुरड्यांचा चीक शिजाले ठेवला हाये चुलीवर, मोठ्या गंजात. ऑर्डर तं गेली, काढू काय खाली?"

मावशीनं ऐकलं होतं. तिनं हातातला चुरा खिडकीबाहेर झटकला.

"काढू नको म्हण. ऊन चांगलं हाये. आमी येतच आहो."