तीन सारखे चौकोन

"लहान कसं झालं?" त्रिवारांनी विचारलं.

पडद्यावर दोन आकृत्या शेजारी शेजारी होत्या. डावीकडे जुन्या टूलने भरलेली चिप, गच्च. उजवीकडे तीच रचना नव्या टूलमधून काढलेली. निम्मीअधिक चिप मोकळी, सामान यायच्या आधी नवं घर दिसतं तशी.

"सर, नवं टूल हुशार आहे," त्यांच्या हाताखाली शिकलेली ती म्हणाली. "आणि उरकतंही पटकन. जुन्याला कामाला लावून माणूस जेवून यायचा."

"ते कळलं. पण लहान कसं झालं?"

"अजून एकदा येणार बघा," साहेब कुजबुजले. टेबलाभोवती हसू पसरलं.

"लहान कसं झालं?" त्रिवार म्हणाले.

त्रिवार हे काही त्यांचं नाव नव्हतं. कपाटाला कुलूप लावून ते तीनदा ओढून बघायचे. संध्याकाळी जिन्याकडे निघालेल्या प्रत्येकाला "सांभाळून जा" तीनदा म्हणायचे. त्यावरून कोणीतरी ठेवलेलं हे नाव, आणि ते त्यांनी कुरकुर न करता घेतलं.

कंपनी नवजात बाळांसाठी काचपेट्या बनवायची. पेटीत ऊब किती हवी हे एक चिप ठरवायची. अशी चिप कोरी येते. तिने काय करायचं ते ओळीओळीने लिहायचं, आणि टूल, म्हणजे संगणकावरचा एक प्रोग्राम, त्या लिखाणातून आतली जोडणी करतं. हे लिखाण त्रिवारांचं. ऊब ठरवणारा भाग त्यांनी त्यात तीनदा लिहिला होता, अक्षरन् अक्षर सारखा. तिघांनी आपापलं उत्तर काढायचं, दोन मतं ज्याला ते खरं.

"एखादा बिघडेल," तिला शिकवताना ते म्हणाले होते. "पण दोघं एकाच वेळी, एकसारखे नाही बिघडणार. आत बाळ असतं, बाई."

"मग मॅडम," साहेबांनी विचारलं, "जुनं की नवं? निवड तुमची."

जुनं टूल म्हणजे त्रिवारांच्या हाताखालचं आडमुठं घोडं. कुठे कोणती खूण केली की ते नीट चालतं, हे त्यांनाच ठाऊक. वर्षानुवर्षं शेजारच्या खुर्चीत बसून ती ते अर्धंमुर्धं शिकली होती, आणि कंटाळली होती.

"नवं," ती म्हणाली.

त्रिवारांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

*

पॅसेज. साहेबांच्या हातात कॉफीचा कागदी कप.

"आता जुनं टूल गेलं, म्हणजे त्यांच्याकडे वेगळं असं काय उरतं?"

"म्हणजे?"

"तुमचं आणि त्यांचं काम एकच ना?"

"हो," ती म्हणाली. "तसं एकच."

*

त्रिवारांना कामावरून कमी केलं. निरोपाला त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी तीनदा आभार मानले. सगळे हसले. तेही हसले.

*

माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत 'तिहेरी सुरक्षा' छापायचं होतं, आणि खाली चिपच्या पोटातलं चित्र. तिने नव्या टूलमध्ये चित्र उघडलं आणि ऊब ठरवणाऱ्या भागांचे तीन सारखे चौकोन शोधू लागली.

एक सापडला.

बाकीचे शेजारी असणार म्हणून ती उजवीकडे सरकली. मग खाली. मग परत वर. मतं मोजणारा भागही नव्हता. उमेदवार एकटाच असल्यावर मतदान कशाला?

टूल चुकलं नव्हतं. त्याला तीन सारखे भाग दिसले. तिघांची उत्तरं नेहमी एकच येणार हे त्याने ताडलं, एक ठेवला आणि दोन गाळले. भाग बिघडतात, हे टूलच्या गावीही नसतं. चाचण्या सगळ्या पास झाल्या होत्या, कारण एखादा चौकोन मुद्दाम बिघडवून कोणी बघितलंच नव्हतं. तिनेही नाही.

चिप लहान झाली होती ती अशी.

तिने गोदामात फोन केला. नव्या पेट्या गाडीत चढायच्या होत्या. त्या थांबल्या.

"नशीब थोर तुमचं," साहेब म्हणाले. "दुरुस्त करा, आणि बाहेर वाच्यता नको."

*

"तुमचं आणि त्यांचं काम एकच ना?"

"हो." पॅसेजमधलं आपलं उत्तर तिला पुन्हा ऐकू आलं.

*

दुरुस्ती कशी करायची ते टूलच्या मदतपुस्तिकेत होतं. तिला ते सापडलंही. तरी ती त्रिवारांच्या घरी गेली.

दार काकूंनी उघडलं. "अगं बाई, तू! वाट चुकलीस की काय? ये. हे आत बसलेत, पंख्याचा रेग्युलेटर उघडून. चांगला चालत होता."

कपाटावर घड्याळाचं खोकं होतं. त्याची दोरी सोडलेली नव्हती.

"सर," ती उभ्याउभ्याच म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं, लहान कसं झालं."

त्यांनी मान वर केली नाही. "दोन गाळले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वाटत होतं. माहीत असतं तर टेबलावर चढून ओरडलो नसतो?" स्क्रू ड्रायव्हर थांबला. "पेट्या?"

"गोदामातच आहेत. एकही बाहेर गेली नाही."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"प्रत्येक भागाच्या डोक्यावर एक शब्द लिहायचा," मग ते म्हणाले. "हा राहू दे. सारखा दिसला तरी राहू दे. मग टूल हात लावत नाही. जुन्यात मी ती खूण करून ठेवली होती. नव्यात करायला हवी होती."

"हो सर."

"त्याला आपणहून कळत नाही गं. कोणीतरी सांगावं लागतं."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. "सर, त्या दिवशी पॅसेजमध्ये साहेबांनी मला विचारलं होतं, की तुमचं आणि माझं..."

"अगं, चहा टाकलास का?" त्यांनी आत हाक मारली. "ही केव्हाची आलीये."

"टाकलाय!" आतून काकू म्हणाल्या. "तुमच्या रेग्युलेटरच्या आधी होईल."

ते हसले नाहीत, ती हसली नाही. चहा आला. पावसापाण्याच्या, गुडघ्यांच्या गोष्टी झाल्या. पंखा काही सुरू झाला नाही.

निघताना ते दारापर्यंत आले. जिना अरुंद होता आणि दिवा गेलेला.

"सांभाळून जा," ते म्हणाले.

ती उतरली. पहिल्या वळणावर कठड्याला धरून उभी राहिली. वर दार अजून उघडं होतं, उजेडाचा पट्टा तिच्या पायापर्यंत आलेला. उरलेल्या दोन वेळांसाठी ती थांबली.

पट्टा अरुंद होत गेला. मग दार लागलं, आवाज न करता.