नवरदेवाची पँट

सिस्टरने वाफेचं मशीन पुसून कोपऱ्यातल्या खाटेशी ठेवलं आणि सवयीने दाराकडे पाहिलं. टेलरकाका आजही आले नव्हते.

कॅज्युअल्टीत नेहमीचा पेशंट दिसेनासा झाला, की त्याचे दोनच अर्थ निघतात आणि वाईट अर्थ आधी मनात येतो. टेलरकाका तर इथले इतके नेहमीचे, की बाहेरून त्यांची शिट्टीसारखी धाप ऐकू आली की कुणी न सांगता मास्क तयार व्हायचा. नवे डॉक्टर विचारायचे, "ही काय यांची सासुरवाडी आहे का?" सिस्टर म्हणायची, "असू दे. जावयाला परत पाठवतात का कुणी?"

काकांना सलग दोन शब्दांच्या वर बोलताना मात्र तिने कधी ऐकलं नव्हतं. मास्क चढवता चढवता ते दरवेळी एक गोष्ट सुरू करायचे. "सिस्टर... नवरदेवाची... पँट..." पुढे नुसता खोकला. श्वास जरा परतेपर्यंत खाट दुसऱ्या कुणाला लागायची. वर्षानुवर्षं त्या पँटचं घोडं तिथंच अडलेलं.

मागच्या खेपेला तिने त्यांना दम्याच्या औषधाचा पंप दाखवायला सांगितला. काकांनी पिशवीतून काढला. रुमालात नीट गुंडाळलेला, जवळजवळ भरलेला.

"अहो काका, हा रोज घ्यायचा असतो. सकाळ-संध्याकाळ."

"दम लागत... नसताना... कशाला... वाया?"

जन्मभर कापडाची चिंधीसुद्धा न फेकलेला माणूस. अडीअडचणीला असू दे म्हणून औषध राखून ठेवत होता आणि त्यानेच अडचणीत येत होता. सिस्टरने कपाळावर हात मारला. पंप कसा ओढायचा ते त्यांच्याकडून घोटून घेतलं आणि निघताना बोट नाचवत म्हणाली, "आता पुन्हा इथे दिसलात तर बघा!"

थट्टाच होती ती. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. काका शब्दाचे पक्के आणि घरात एकटे. दम लागूनही तिच्या बोलण्यापायी घरीच बसून राहिले असतील तर? या विचाराने तिला घास गोड लागत नव्हता.

तेवढ्यात नवा वॉचमन डोकावला.

"सिस्टर, फाटकाजवळ एक आजोबा तुम्हाला बोलावतायत. आत यायला तयार नाहीत."

"कोण आहेत?"

"नाव नाही सांगितलं. बोलतात मात्र धबाधबा."

ती बाहेर आली. बाकावर इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ पाठमोरे बसले होते. पावलं ऐकून ते वळले.

"तुम्ही आत दिसू नका म्हणालात, म्हणून इथेच बसलो. पण पंप एकदाही चुकवला नाही, जिना न थांबता चढतो आणि शिलाई मशीनवर पुन्हा बसायला लागलोय."

चेहरा ओळखीचा, आवाज अगदी अनोळखी. चांगला भरदार होता. सिस्टर मटकन बाकावर बसली. तिचे डोळे भरून आले.

"काका, आधी त्या पँटचं सांगा."

"तो नवरदेव म्हणजे मीच! सगळ्या वऱ्हाडाचे कपडे शिवले आणि स्वतःचेच राहिले. मग एका गिऱ्हाइकाची तयार पँट चढवून उभा राहिलो. समोर बघतो तर गिऱ्हाईक पहिल्या रांगेत! त्याची नजर पँटवर, माझी नजर जमिनीवर. बायको जन्मभर सांगायची, नवरा किती लाजाळू मिळाला म्हणून!"

सिस्टर पोट धरून हसली. काकाही हसले, आणि खोकला आला नाही.

"ती गेल्यापासून ही गोष्ट कुणाला पुरी सांगताच आली नव्हती," ते म्हणाले. "तेवढा श्वास तुम्ही दिलात. फार उपकार झाले."

"उपकार कसले? मधूनमधून येत जा, काका."

"येईन की. फाटकापर्यंत."

आतून हाक आली. सिस्टर डोळे पुसत उठली. मागे काका वॉचमनला सांगत होते, "तर माझ्या लग्नात काय झालं..."

शेवट माहीत असूनही तिची पावलं मंदावली.