कडी वाजली की निळा

शिलाई मशीनपुढचा दिवा निळा लुकलुकला, तशी मुबीना शिवण अर्धवट टाकून उठली. ओढणी सावरत दाराशी गेली, कडी काढली. बाहेर कुणी नव्हतं. सकाळपासून ही तिसरी खेप. परत येऊन तिने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं आणि मशीनवर बसली. सईदला त्या पाहण्याचाच राग आला. तिने चार शब्द सुनावले असते तर त्याला परवडलं असतं.

सईद म्हणजे मोताळ्याचा स्टार्टरवाला. पंचवीस वर्षं त्याने आसपासच्या शेतांतले पंपांचे स्टार्टर दुरुस्त केले होते. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, समोर येईल ते उघडायचं आणि चालू करूनच परत द्यायचं. बायकोचे कान मात्र त्याच्या हातात नव्हते. तीन वर्षांपूर्वी टायफॉइडने तिचं ऐकणं पार गेलं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. मुबीना ओठ वाचायला शिकली आणि ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये, अशी तिने नवऱ्याला शपथ घातली. आज सगळ्या बाया तिला मुबीना टेलर म्हणतात, उद्या बहिरी म्हणतील आणि मग तेच नाव चिकटेल, हे तिचं म्हणणं.

ओठांचं जमलं, दाराचं जमेना. इथे बाया बेल दाबत नाहीत, कडी वाजवतात. म्हणून मुबीना दिवसभर दाराकडे तोंड करून बसायची. उजेड पाठीमागच्या खिडकीतून यायचा, त्यामुळे स्वतःच्याच सावलीत सुई ओवायची आणि रात्री डोळे चोळत बसायची. यंदा बोंडअळीने कापूस खाल्लेला, लग्नं मोजकीच निघालेली, त्यात कडी वाजवून परत गेलेली बाई दुसरा टेलर गाठते. बायकोला दाराकडे पाठ करून निवांत शिवता यावं, सईदला एवढंच हवं होतं.

तारेचं काम त्याच्या हातचा मळ. कडीला स्विच, मशीनपाशी बल्ब, दहा मिनिटांत मोकळा झाला असता. पण मुबीनाने तार नको म्हणून सांगितलं. माप द्यायला आलेल्या बाया विचारणार, ही तार कशाची? म्हणून हा बिनतारी खटाटोप. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की सईद मोबाइलवर व्हिडिओ बघत शिकला. दारामागे काड्यापेटीएवढा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, कडीचा हादरा ओळखणारा सेन्सर, जुन्या मोबाइलचं हॉटस्पॉट आणि वायफायवर चालणारा रंगीत दिवा. कडी वाजली की बोर्डाने दिव्याला सांगायचं आणि दिव्याने निळं व्हायचं. बघणाऱ्याला तो साधा दिवाच वाटणार.

दोन महिने तो त्यात खपला. आठवडाभर प्रोग्राम बोर्डात जाईचना. स्वतःला मूर्ख ठरवून झाल्यावर कळलं, केबल नुसती चार्जिंगची होती. मग दिवा बोर्डाला दाद देईना. एका दुपारी एकदाचं जुळलं. मुबीनाने त्याच दिवशी मशीन फिरवून खिडकीकडे तोंड केलं. चार दिवस सुखात गेले. पाचव्या दिवसापासून दिवा कुणी नसताना लुकलुकायला लागला, आणि खरोखर कुणी आलं की ढिम्म.

आज सकाळीही सईदने दिवा आणि बोर्ड पुन्हा नव्याने जोडून दिला आणि तो चरफडतच दुकानात गेला. तासाभराने त्याच्या गल्लीतली कलाबाई कापडाची पिशवी घेऊन दुकानापुढे उभी.

"सईदभाऊ, भाभीले राग आला काय माह्यावर?"

"काऊन?"

"काल आली, आता बी आली. कडी वाजवू वाजवू हात दुखले. फटीतून पाह्यलं तं तिकडे पाठ करून बसल्या होत्या. मान बी नाही वळवली. पोरीचं लगन हाये भाऊ, दुसरीकडे देऊ काय कापड?"

तब्येत बरी नाही तिची, असं काहीतरी सईद पुटपुटला आणि दुपारी घरी यायला सांगितलं. पाठ करून बसायची सोय त्यानेच करून दिली होती. 

त्याने दिव्याचं खोकं काढलं आणि आतला मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद भिंगाखाली धरला. शेवटून दुसरी ओळ: दिवा लागोपाठ पाच वेळा बंद-चालू केल्यास आधीची जोडणी पुसली जाईल आणि नव्या जोडणीसाठी दिवा निळा लुकलुकेल.

दुकान बंद करून तो घरी येऊन दिव्यापुढे बसला. त्याचं घर गावाच्या टोकाला, शेतांच्याच लाइनीवर, आणि शेतांची रात्रीची लाइट त्याच पाचव्या दिवसापासून दिवसाच्या पाळीला आली होती. सकाळची गेलेली लाइट साडेअकराला आली. दिवा विझला, लागला. पुन्हा विझला, लागला. पाचव्यांदा लागला तो लुकलुकतच. शेतांकडून मोटारींचा घुंईऽ आवाज आला, बंद पडला, पुन्हा आला. सईदला काही शोधायचं उरलं नाही. लाइट आली की पंप आपोआप सुरू करणारी डबी, ज्याला इकडे सगळे ऑटो म्हणतात, ती निम्म्या स्टार्टरांत त्यानेच बसवली होती. सगळे पंप एका दमात उठायचे, भार न पेलून लाइन बसायची, पुन्हा यायची, पुन्हा बसायची. घरात जुना इन्व्हर्टर होता, पण तोही लाइटवरून बॅटरीवर पलटताना झटका देतोच. शेतकऱ्यांचे हेलपाटे वाचवले म्हणून लोक अजून त्याचं नाव घेत, आणि तेच काम आज त्याच्या घरात येऊन त्याच्या बायकोचा दिवा पुसत होतं.

त्याने दिवा होल्डरमधून काढला. तिला ओठ दिसावेत म्हणून समोर बसून सावकाश म्हणाला की लाइन अशीच येत-जात राहणार, जमत नाही. पंचवीस वर्षांत हे त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघत होतं. त्याला रडूच आलं असतं, पण ती बघत होती.

मुबीना उठली. डब्यातून परकराच्या नाड्या काढल्या, एकीला एक गाठ मारत लांब केल्या. एक टोक दाराच्या फटीतून बाहेर सोडलं, नाडी आढ्याच्या हुकातून घेतली आणि दुसऱ्या टोकाला लाल चिंधी बांधून मशीनच्या तोंडासमोर टांगली. बाया विचारतील, असं सईद खुणेने सांगत होता. तिने दार उघडंच ठेवलं.

दुपारी कलाबाई आली. तिने पिशवी पुढे केली, ती मुबीनाने घेतली आणि रिकाम्या झालेल्या हातात नाडीचं टोक दिलं.

"कलाबाई, मले ऐकू येत नाही. तीन वर्स झाले. कडी नका वाजवत जाऊ, हे ओढत जा."

आवाज जरा मोठाच निघाला. शेजारच्या ओट्यावर धान्य निवडणारीने मान वर केली. कलाबाईने नाडी मुठीत धरली. दोन पावलं मागे सरली, दार ओढून घेतलं.

मुबीना जाऊन मशीनवर बसली, दाराकडे पाठ करून. समोर चिंधी एकदा हलली, थांबली, मग जोराने हलली. ती उठली. सईद वाटेत उभा होता, हातात दिवा घेऊन. तो बाजूला सरकला.