स्थिरावलेला सेल

प्लास्टिकच्या चिमट्यात धरलेला बॅटरीचा सेल – शर्टाच्या बटणाएवढाच, पण ह्यो-रिमला आज उगाचच जड लागला. पाहुण्यांना दाखवायला म्हणून सरांनी तो यंत्रावरून काढून काचेच्या डबीत ठेवायला सांगितलं होतं.

"ताई, जपून हं. माझं लेकरू आहे ते," शेजारी उभी असलेली सोल-आ हसली.

तिचं लेकरू मेलं होतं. सकाळी स्क्रीनवरची रेघ बघताक्षणीच ह्यो-रिमला ते कळलं होतं. सुरुवातीला जिवंत सेलची असते तशी कुरकुरत, वरखाली होत चाललेली रेघ; मग एके ठिकाणी धपकन खाली आलेली, आणि तिथून पुढे आठवडेच्या आठवडे संथ. आत लिथियमला सुया फुटल्या होत्या, मधला पडदा भोसकून पलीकडे टेकल्या होत्या, आणि वीज काहीही काम न करता त्यांच्यावरून नुसती ये-जा करत होती. सोल-आला वाटलं, सेल स्थिरावला. सरांनाही तेच वाटलं, कारण सरांना ते वाटून घ्यायचंच होतं.

"शिका जरा हिच्याकडून," सर जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले होते, आणि किमचीची बशी त्यांनी सोल-आकडे सरकवली होती. "ह्यो-रिम, तुझ्या आलेखावर सहा वर्षं नुसते काटे. ही पोर तर परवा आली." सगळे हसले. ह्यो-रिमही हसली... सर हसले की हसावंच लागतं, कोरियात, देजॉन शहरातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत.

आणि इथला रिवाज असा, की धाकट्याने पाहुण्यांसमोर उभं राहण्याआधी सगळं थोरल्याला दाखवायचं. थोरला हो म्हणाला की सर पुन्हा बघत नाहीत. म्हणूनच सोल-आ जेवणानंतर दोन्ही हातांनी कॉफीचा पेला पुढे धरून आली होती. "ताई, ही रेघ इथे एकदम पडते ना... मला धाकधूक वाटते. काही चुकलं असेल तर आत्ताच रागवा."

सेलचा रोध मोजला असता तर पाच मिनिटांत उजेड पडला असता. ह्यो-रिमच्या दुसऱ्या वर्षी असाच सेल, अशीच रेघ – आणि तेव्हाचे थोरले, जी-सक दादा, सगळ्यांदेखत खिदळले होते. "अगं, तो ध्यानाला बसलेला नाही, मेलाय तो! आता काय, उदबत्त्या लावणार त्याच्यापुढे?" जिन्यात बसून, तोंडात बाही कोंबून ती रडली होती. दुष्ट माणूस! आणि त्या दुष्टपणामुळेच आपण वाचलो, हे तिला आज कळत होतं, नेमकं नको त्या वेळी.

"छानच आहे," ती म्हणाली. किती गोड आवाज निघाला! "काही सेल बसायला वेळ घेतात. एवढं घाबरायचं नाही गं."

सोल-आने इतकं खाली वाकून नमस्कार केला की तिच्या मानेवरचा तीळ दिसला.

आता सभागृहात ती पाहुण्यांसमोर बोलत होती, मागच्या पडद्यावर तीच रेघ. बॅटरी कंपनीतून आलेल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी रेघ पडली होती तिथे बोट दाखवलं. "रोध मोजलास का, बाळ? हा शॉर्ट झालेला नाही ना?" आवाजात राग नव्हता, कीव होती, आणि तेच वाईट होतं. सरांनी मान खाली घातली. सोल-आ पांढरीफटक पडली, पण वळली ती सुटका झाल्यासारखी.

"आमच्या ताईंनी पाहिलंय. त्या सांगतील."

ह्यो-रिम उठली. याच क्षणाची तिने दुपारभर वाट पाहिली होती. आता बरं वाटेल, निदान लाज तरी वाटेल... काहीच नाही. फक्त एक वाक्य आत तयार होतं – मी तिला रोध मोजायला सांगितलं होतं, तिने ऐकलं नाही – साधं, नम्र, कुणालाही पटेल असं. सोल-आ तिच्याकडे बघत होती, पुरत्या विश्वासाने. आणि ह्यो-रिम मात्र त्या वाक्यात एखादा शब्द जास्त तर झाला नाही ना, एवढंच तपासत राहिली.