गव्हाणीशेजारचं गाढव

हसू नका, मी गाढव बोलतोय. तेही खरंखुरं नव्हे, प्लॅस्टरचं. उंची तुमच्या गुडघ्याइतकी, रंग राखाडी, चेहरा जरा विचारी. नाताळात चर्चमध्ये ख्रिस्तजन्माचा देखावा मांडतात ना, त्यात गव्हाणीच्या डाव्या अंगाला मान खाली घालून बसलेला असतो, तो मी.

खरं सांगायचं तर शुभवर्तमानातल्या त्या प्रसंगात माझा उल्लेखसुद्धा नाही. बैलाचाही नाही. मेंढपाळांना देवदूताने निरोप दिला, ज्ञानी लोकांना ताऱ्याने वाट दाखवली. आम्ही दोघं मात्र बिनबोलावताच जाऊन बसलो, आणि इतक्या वर्षांत आम्हाला कुणी ऊठ म्हटलेलं नाही. तसं पाहिलं तर गव्हाण म्हणजे आमचं जेवणाचं ताट. आमच्याच ताटात कुणी बाळ निजवलं, तर आम्ही जायचं तरी कुठे?

माझा जन्म एका मूर्तिकाराच्या कारखान्यात झाला. साच्यातून काढलं, उन्हात वाळवलं, घासून गुळगुळीत केलं. डोळे रंगवणाऱ्या बाईंना त्या दिवशी जांभई आली असावी, कारण माझी एक पापणी अर्धी मिटलेली आहे. त्यामुळे प्रवचन चालू असताना मी डुलक्या घेतो असा लोकांचा समज झालाय. डुलक्या घेतात ते समोरचे. मला सगळं दिसतं.

वर्षाचा बराचसा काळ मी माळ्यावरच्या खोक्यात काढतो. खाली लोक येतात-जातात, भांडतात, प्रार्थना करतात. मुलाने काही सांडलं की बाप त्याला माझ्या नावाने हाक मारतो. मी मनाला लावून घेत नाही. उलट बरंच आहे ते. गाढवाला काय कळतंय, असं समजून लोक माझ्यासमोर पोटातलं सगळं ओठावर आणतात. म्हणून तर ही गोष्ट मला माहीत आहे.

आमचा देखावा मांडतात ते घंटावाले काका. चर्चची घंटा वाजवणं, झाडलोट करणं, मेणबत्त्या लावणं, सगळं त्यांच्याकडे. जळून उरलेलं मेण ते कधी टाकत नाहीत. नाताळ जवळ आला की त्याच मेणाचा हात आम्हा सगळ्यांवरून फिरवतात आणि फडक्याने घासघासून आम्हाला चकचकीत करतात. चेहऱ्यावर अशी काही चकाकी येते म्हणता! बैल तर नवरदेवच दिसतो.

दिव्यांच्या माळा लावतो तो वायरमन. उंच शिडीवर हा माणूस माकडासारखा वावरतो, पण काही वर्षांपूर्वी मला उचलून ठेवताना मी त्याच्या हातून सुटलो आणि माझा कान मोडला. बिचारा इतका ओशाळला! खिशात काळी चिकटपट्टी होती, ती गुंडाळून त्याने कान जागेवर बसवला. माझी काही तक्रार नव्हती. काळी पट्टी मला शोभून दिसते. पण लोकांनी ते धरून ठेवलं. काचेचा पेला द्यायचा झाला तरी, "सांभाळ रे, गाढव नाहीये ते!" चेष्टा चेष्टेच्या जागी होती, पण त्याच्या डोक्यात बसलं की आपल्या हातून गोष्टी पडतात.

आणि यंदा त्याला मुलगी झाली. महिनाभर आधीच आली. काचेच्या पेटीत ठेवावी लागली इतकी चिमुकली. आता घरी आली होती, अंगही धरू लागली होती. पण बापाने तिला अजून एकदाही उचललं नव्हतं.

हे मला कसं कळलं? तो माळा बांधत होता, बायको गव्हाणीत पेंढा पसरत होती, आणि त्याची आई नातीला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. तिघांचं बोलणं माझ्या पुढ्यात चाललं होतं.

"अहो, घ्या ना जरा हिला. माझे हात पेंढ्याने भरलेत," बायको म्हणाली.

"माझे तरी कुठे स्वच्छ आहेत?"

"काल म्हणालात थंड आहेत. परवा शिंका येत होत्या. तुम्ही बाप आहात की पाहुणे?"

तो शिडीची आणखी एक पायरी वर चढला. मग आई म्हणाली, "अरे, तुला धरताना मीही थरथरतच होते."

"तू पाडलं नाहीस ना?"

"नाही."

"मग तुला नाही कळायचं, आई."

बायकोने मान फिरवली. तिचे डोळे भरून आले होते, ते फक्त मी आणि बैलाने पाहिलं.

आता आमच्या चर्चची एक रीत ऐका. नाताळपर्यंत गव्हाण रिकामी असते. नाताळच्या सकाळी मिस्साच्या, म्हणजे सणाच्या मुख्य उपासनेच्या, सुरुवातीला बाळ येशूची मूर्ती मिरवत आणून तिच्यात निजवतात. आणि ती आणायचा मान कुणाचा, तर त्या वर्षी ज्याच्या घरी सगळ्यांत शेवटी पाळणा हलला त्या बापाचा.

वायरमन फादरांकडे गेला. "फादर, यंदा काकांना सांगा. मी पाडीन."

फादर हसले. "काकांच्या घरी पाळणा हललाय का? या वयात?"

काकांना ठसका लागला. विषय तिथेच मिटला.

नाताळची सकाळ. चर्च गच्च भरलेलं, मुलं नव्या कपड्यांत चुळबुळतायत, गाणारे घसा साफ करतायत. दारातून आधी फादर, मग मूर्ती घेतलेला वायरमन, मागे मुलीला घेतलेली बायको, आणि शेवटी आई. मी सारं पाहत होतो. त्याच्या कपाळावर घाम होता. मूर्ती त्याने अशी आवळून धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

आणि नेमकं तेच नडलं. काकांनी बाळाला सगळ्यांत जास्त मेण लावलं होतं, मानाची मूर्ती म्हणून. जितकं घट्ट धरावं तितकं ते निसटू लागलं. गव्हाणीपाशी आल्यावर त्याने आणखी एकदा दाबून धरलं, आणि आंघोळीतल्या साबणासारखं बाळ हातातून उडालं. माझ्या नाकासमोरून गेलं आणि खालच्या फरशीवर आपटलं. खळ्ळकन आवाज झाला. एक हात खांद्यापासून तुटून बैलाच्या पायाशी जाऊन पडला.

गाणं थांबलं. वायरमन रिकामे हात पुढे धरून तसाच उभा.

त्या आवाजाने त्याची मुलगी दचकली आणि तिने जोरात भोकाड पसरलं. बायको तुकडे गोळा करायला वाकणार, तर हातात मुलगी. तिने विचारलं नाही, सांगितलं नाही. "धरा हिला," म्हणाली, आणि त्याच्या त्या पुढे केलेल्या हातांत मुलगी ठेवून खाली बसली.

त्याला कळायच्या आत मुलगी त्याच्या छातीशी होती. त्याने हात आवळले नाहीत. एक तळवा आपोआप डोक्याखाली गेला, दुसरा पाठीखाली. पोरगी दोनदा हुंदकली, त्याच्या सदऱ्यात नाक घासलं, आणि गप्प झाली. मला इतका आनंद झाला की प्लॅस्टरचा नसतो तर मी ओरडलोच असतो, आणि माझं ओरडणं तुम्हाला माहीतच आहे.

फादरांनी मूर्ती उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि लोकांकडे वळले. त्या दिवशीचं प्रवचन तयार करून आणलेलं होतं, ते बाजूलाच राहिलं.

"देवाने नुसता निरोप पाठवला असता, तर तो कुणाच्या हातून पडला नसता," ते म्हणाले. "पण तो देह घेऊन आला. देह म्हटला की वजन आलं, भूक आली, थंडी आली, आणि कुणीतरी उचलून घेण्याची गरज आली. ज्याने सगळं जग तोलून धरलंय, तो एका सुताराच्या राठ हातांत येऊन निजला. त्या योसेफानेही त्याआधी कधी तान्हं बाळ धरलं नसेल. त्याचेही हात थरथरले असतील. देवाला ते चाललं."

मग ते वायरमनजवळ आले. "तुझ्याकडे ती काळी पट्टी असेलच?"

"आहे, फादर. उजव्या खिशात."

"मग लाव की."

बायकोने हात पुढे केले. "द्या तिला इकडे. तुम्ही पट्टी लावा."

वायरमनने एकदा मूर्तीकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. "नको, झोपतेय ती," तो म्हणाला. "फादर, तुम्हीच काढून घ्या."

आणि मग झग्याच्या बाह्या सावरत फादर वायरमनच्या खिशात हात घालून चिकटपट्टी शोधू लागले, तेव्हा आधी आई हसली, मग काका, मग सगळं चर्च. मुळात प्लॅस्टरचंच बाळ, त्याचा हात काळ्या पट्टीने बांधून झाला आणि ते गव्हाणीत निजलं. गाणं पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. वायरमन मिस्सा संपेपर्यंत बसला नाही. मुलीला घेऊन माझ्या शेजारी उभाच राहिला.

त्यानंतर देखावा होता तोवर तो रोज यायचा, मुलीला घेऊन. "हा बघ बैल, हे बघ गाढव." तिने माझ्या नाकावर भरपूर लाळ गाळली. इतके लाड आयुष्यात माझे कुणी केले नव्हते. मागून बायको कुरकुरायची, "अहो, आता मला तरी द्या की जरा!" आणि हसायची.

आता सण संपलाय. काका मला जुन्या कागदात गुंडाळतायत, बैल आधीच खोक्यात गेलाय. झाकण लागण्याआधी एवढंच सांगतो. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जवळ यायला घाबरणारं, आपल्या हातून काहीतरी फुटेल म्हणून लांब उभं राहणारं. त्याची समजूत घालत बसू नका. धरशील का, असं विचारूही नका. देवाने तरी कुठे विचारलं होतं? तो सरळ हातातच आला.