बाईंचा नवा खुबा

मी बाईंच्या उजव्या पायातला खुबा बोलतोय. जन्माचा नव्हे हं, नंतर बसवलेला. दांडा धातूचा, डोकं चिनी मातीच्या कपासारखं गुळगुळीत. दिसत कुणालाच नाही, म्हणून म्हटलं आपणच बोलावं.

कारखान्यात मला घासूनपुसून चकचकीत केलं, पाकिटात बंद केलं आणि कपाटात ठेवलं. शेजारचे एकेक जण कुणाकुणाच्या पायात निघून गेले. मी आपला तिथेच! मग एकदा बाथरूमच्या दारात बाईंचा पाय घसरला, हाड मोडलं आणि माझं नशीब उघडलं. डॉक्टरांनी मला ठोकून ठोकून बसवलं, वरून टाके घातले. तेव्हापासून मी अंधारात आहे, पण ऐकू सगळं येतं.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. निवृत्त होऊनही सवय काही सुटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी कण्हत कण्हतच त्यांनी वॉर्डची हजेरी घेतली.

"खिडकीजवळचा पलंग?"

"हजर!"

"दारापाशी कोण?"

"हजर, बाई!"

सगळा वॉर्ड हसला. मग त्यांनी मांडीवरच्या मलमपट्टीवर हळूच बोट टेकवलं. "आणि तू रे, नवीन?"

मला कुठलं तोंड! उत्तर मनातच राहिलं.

बाईंना मधुमेह जुना. त्यात ऑपरेशनच्या ताणाने साखर चढतेच, असं सिस्टर म्हणत होत्या. आणि त्यात भर म्हणजे बाईंचे यजमान! थर्मास भरून गोड सरबत घेऊन आले. "अगं, एवढं रक्त गेलंय, ताकद नको का यायला?" माणूस सोन्यासारखा, पण साखर कुठे सोन्यासारखं मन बघते? ती चढली ती चढलीच. जखमेतून पाणी येऊ लागलं.

डॉक्टर पलंगापाशी येऊन स्पष्टच बोलले. "साखर अशीच राहिली तर जखम चिघळेल. जंतू आत पोचले, तर हा सांधा काढावा लागेल. मग पुन्हा उभं राहणं कठीण."

माझं तर धाबंच दणाणलं. आत्ता कुठे घर मिळालं होतं! यजमानांनी थर्मास बेसिनमध्ये ओतला आणि बराच वेळ नळ सुरू ठेवून ते तिथेच उभे राहिले. मला त्यांचे हुंदके ऐकू येत होते.

मग जेवणाआधी बोटातून रक्त तपासायचं, आकडा बघून इन्शुलिनची सुई द्यायची, असं सुरू झालं. बाईंनी जन्मभर मार्क दिले होते, आता मिळवायची पाळी आली. त्यांनी मनाशी घेतलं, की काही झालं तरी आकडा खाली आला पाहिजे. सुई निमूट घ्यायच्या आणि सिस्टरांची पाठ वळली की पाव आणि उकडलेलं अंडं नॅपकिनमध्ये गुंडाळून पलंगाशेजारच्या टेबलाच्या खणात! विचारलं तर, "संपवलं की सगळं." आकडा उतरला. सिस्टर "शाब्बास" म्हणाल्या आणि बाई पहिल्या नंबरात आल्यासारख्या खूश.

मग चालायला शिकवणाऱ्या ताई आल्या. बाई वॉकर धरून उभ्या राहिल्या, एक पाऊल टाकलं आणि माझ्याभोवतीचे स्नायू लटलटायला लागले. घामाने कपडे भिजले. मला वाटलं, मीच सैल झालो की काय! बाई पडल्या असत्या तर सगळाच ग्रंथ आटोपला असता. पण ताईंनी कंबर घट्ट धरली, त्यांना पलंगावर बसवलं आणि हाक मारली. सिस्टर धावत आल्या, बोट टोचलं.

"अगं बाई, साखर पार खाली गेलीय!"

ग्लुकोजचं पाणी पोटात गेलं, थरथर थांबली. घाम पुसायला नॅपकिन हवा म्हणून सिस्टरांनी खण उघडला. आतून निघालं वाळलेल्या पावांचं गाठोडं.

"बाई, हे काय?"

"आकडा चांगला यावा म्हणून गं..."

"वर्गात एखाद्या पोराने असं केलं असतं तर?"

"कान पिळला असता," बाई पुटपुटल्या.

"मग आणा इकडे कान." दोघी हसल्या. मग सिस्टर पलंगावर टेकल्या. "बाई, हे मार्क नाहीत हो. तुम्ही जेवणार असं धरून मी सुई देते, पोट रिकामं असलं की साखर अशी कोसळते. तुम्ही खोटं जेवलात, तर मी खरं औषध देऊ कसं? आणि जखम भरायला अन्न नको का?"

बाई रडल्या. "मला भीती वाटली गं. पुन्हा उभी राहिले नाही तर?"

त्या दिवसापासून बाई ताटातलं नेमकं तेवढं आणि सगळं खाऊ लागल्या. यजमान समोर खुर्ची टाकून घास मोजायचे.

"अहो, असं टक लावून बघू नका!"

"परीक्षेत तू पोरांकडे कशी बघायचीस?"

हळूहळू साखर ताळ्यावर आली, जखम सुकली. डॉक्टर टाके बघून म्हणाले, "सांधा राहतोय." तेवढं ऐकलं आणि मला दुसऱ्यांदा जन्मल्यासारखं वाटलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. बाई जिने चढतात, मंडईत जातात, यजमानांना मागे टाकतात. मी जो टिकलो तो काही माझ्या धातूच्या जोरावर नाही. सिस्टरांनी न रागावता समजावलं, यजमानांनी समोर बसून जेवू घातलं आणि बाईंनी भीती बोलून दाखवली, म्हणून मी आहे. त्या तिघांचे उपकार मी कसे फेडू? तुमच्या घरीही कुणी असं पलंगावर असेल, तर नुसता आकडा विचारू नका, जेवलीस का तेही विचारा.

बाई अजून रोज सकाळी पलंगाच्या कडेला बसतात, उजव्या मांडीवर थाप मारतात आणि विचारतात, "काय रे, नवीन?"

तोंड मला अजूनही नाही. पण त्या उठून उभ्या राहतात, पहिलं पाऊल उजवं टाकतात आणि मी त्यांचा सगळा भार उचलून धरतो.

हजर, बाई.